लेकीचे केस अगदी बारीक, डोक्यात खवले : तेल लावू की नको?

लुईशमची_सांगलीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची सांगलीची, सध्या दक्षिण लंडनमध्ये लुईशमला. नवरा नायजेरियाचा, इबादानचा योरुबा. लेक सहा वर्षांची. केस पूर्ण बापाचे. बॉलपेनच्या रिफिलभोवती गुंडाळून ठेवल्यासारखे घट्ट. ताणले तर खांद्यापर्यंत, सोडले की कानाच्या वर.

हिवाळ्यापासून तिच्या डोक्यात करडे खवले येतायत. जो बघेल तो कोंडा म्हणाला. मग कानामागे आणि टाळूवर केस तुटून दोन जागा विरळ झाल्या. रात्री झोपेतही खाजवते. वेण्या सोडवायच्या म्हटलं की रडारड, शेजारी भिंतीवर थाप मारेल इतकी. शेवटी नवऱ्याने त्याच्या न्हाव्याकडे नेऊन सगळे केस अर्ध्या इंचावर आणले.

व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं आणि तिला रडूच आलं. "मुलीच्या जातीचं डोकं असं करतात का गं?" तिचा उपाय : खोबरेल कोमट करून, त्यात कापूर घालून रोज रात्री चोपडायचं. सासूबाईंचा उपाय : ओरी, म्हणजे शिया बटर, आणि धुवायला ओसे दुडू, तो त्यांच्याकडचा काळा साबण. एरवी दोघी आज्यांचं कशावर म्हणून पटत नाही, पण पोरीचं डोकं कोरडं पडलंय आणि त्याला तेल हवंय यावर एकमत. मी तेल लावते. दोन दिवस खवले दिसत नाहीत, मग पिवळट चिकट थर धरतो.

तर तेल लावू की बंद करू? आणि अर्ध्या इंचाच्या केसांना ओलावा द्यायचा कसा, ते वाढवायचे कसे? पेकममध्ये अशा केसांच्या सामानाची दुकानंच्या दुकानं आहेत. भिंतभर डबे बघून मी दोनदा रिकाम्या हाताने परत आले. वर लंडनचं पाणी इतकं जड की किटलीत चुन्याचे पापुद्रे निघतात.

माई_मिरज

अगं, सांगलीची म्हणजे आमची शेजारीणच की! घाबरू नकोस. घाण्याचं खोबरेल घे, त्यात कढीपत्ता आणि जास्वंदीची फुलं टाकून मंद आचेवर उकळ, गाळून ठेव. आमच्या धाकट्या नातीचे केस असेच विरळ होते, आता कमरेपर्यंत आहेत. तिथे जास्वंद मिळतं का? नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तेलच पाठवते. आणि आईला म्हणावं रडू नका, जावळ काढल्यावर केस दाटच येतात.

खाजगी_वॉर्ड

माई, क्षमा करा, पण तेलाची बाटली जरा बाजूला ठेवा.

मी नाशिकला त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण हे वर्णन वाचून गप्प बसवत नाही. सहा वर्षांच्या मुलाला खरा कोंडा सहसा होत नाही. कोंड्यामागची मॅलासेझिया नावाची यीस्ट टाळूच्या तेलावर जगते आणि तेलाच्या ग्रंथी जोमाने काम करू लागतात त्या वयात येताना. त्यामुळे शाळकरी पोराच्या डोक्यात खवले, खाज आणि त्याच जागी तुटलेले केस असं त्रिकूट दिसलं, की तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत आम्ही तो डोक्यातला नायटा धरतो.

आज तिला मांडीवर घ्या आणि मानेमागे, कानामागे बोटं फिरवा. वाटाण्याएवढ्या गाठी लागतात का? विरळ जागेत केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके उरलेत का? मग जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्या आणि खवले खरवडून, तुटक्या केसांसकट नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. लंडनमधल्या मुलांत बहुतेक वेळा ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स ही बुरशी सापडते. ती माणसाकडून माणसाकडे जाते : फणी, टोपी, उशी, न्हाव्याचं मशीन. यात तुमच्या घरच्या स्वच्छतेचा काही दोष नाही.

ही बुरशी केसाच्या आत आणि मुळात बसते. वरून लावलेलं मलम तिथे पोचत नाही, तेल तर नाहीच. पोटातून औषध घ्यावं लागतं, मुलाच्या वजनाप्रमाणे. किटोकोनाझोलचा शाम्पू सोबत देतात, पण त्याने बीजाणू कमी पसरतात इतकंच, एकटा शाम्पू पुरत नाही.

आणखी दोन गोष्टी. कापूर लहान मुलाच्या डोक्याला अजिबात नको. तो त्वचेतून शोषला जातो आणि पोटात गेला तर झटके येऊ शकतात. दुसरं, भारतातून कोणी खाजेची ट्यूब पाठवत असेल तर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. आमच्या ओपीडीत रोज येतात असे.

कुठे मऊ, पू भरल्यासारखी सूज आली तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तिथे वण राहिला तर केस पुन्हा येत नाहीत.

लुईशमची_सांगलीकर

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू! गाठी होत्या. एक नाही, तीन. रिपोर्ट आला, टॉन्सुरन्सच. टर्बिनाफिन सुरू झालंय, चार आठवड्यांचा कोर्स, आणि आठवड्यातून दोनदा शाम्पू. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली, आम्ही दोघंही तोच शाम्पू लावतोय. औषध सुरू असलं की शाळा बुडवायची गरज नाही म्हणाले. फण्या फेकल्या, टोप्या-उशांचे अभ्रे गरम पाण्यात. नवरा न्हाव्याला सांगून आला. त्याने भांडण न करता मशीनच्या पात्यांचं औषध काढून दाखवलं आणि नवं पातं बसवलं.

खवले बरेच कमी झालेत. पण माझा अर्धा प्रश्न तसाच आहे. शाम्पूने केस कोरडे ठाक, हात फिरवला की करकर वाजतात. आता त्यांना लावू काय? लेक रोज आरशासमोर उभी राहून विचारते, "आई, उद्या वाढतील?" वर शाळेचं पोहणं सुरू होतंय, म्हणजे क्लोरीनही आलं.

कोथरूडची_वांजिरू

सांगलीकर, धागा आज वाचला. तुझ्या लेकीसारखं डोकं घेऊन मी पुण्यात वाढले, म्हणून लिहिते. बाबा केनियाचे, ऐंशीच्या दशकात पुण्यात शिकायला आलेले. आई कोथरूडची. आता मी नैरोबीत असते. डॉक्टरांनी सांगितलंय तो कोर्स मधेच सोडू नकोस. मी लिहितेय ते केसांचं, बुरशीचं नाही.

माझी आजी रविवारी मला पाटावर बसवायची, डोकं तेलाने थबथबवायची, शिकेकाईने खसाखसा धुवायची आणि वाळल्यावर बारीक दातांची फणी घेऊन बसायची. फणीचे दात तुटायचे, मग दुसरी फणी. तिची माया खरी होती, पण ती सगळी रीत सरळ केसांची. सरळ केसावरून टाळूचं तेल आपोआप टोकापर्यंत उतरतं. आपल्या केसाला इतकी वळणं असतात की ते मुळाशीच अडकतं. शिवाय हा केस कापून बघितला तर गोल नसतो, चपटा असतो, आणि वळणावर कमजोर. कोरडा असताना फणी घातली की तिथेच तुटतो. म्हणून एकाच डोक्यावर टाळू तेलकट आणि केस कोरडे, असं होतं. दोन्ही आज्यांनी कोरडे केस बघितले आणि तेल ओतलं टाळूवर.

मला मोठेपणी जो त्रास झाला तो नायटा नव्हता, सेबोर्‍हिक डर्मटायटिस, म्हणजे खरा कोंडा, भुवयांपर्यंत उतरलेला. तेव्हा माझेही केस इथल्या किन्योझीने, म्हणजे न्हाव्याने, बोटाच्या पेरापेक्षाही कमी ठेवले होते. तेव्हापासून मी टाळू आणि केस ही दोन वेगळी खाती ठेवते. टाळूला औषध आणि स्वच्छता. केसांना पाणी. ओलावा म्हणजे पाणीच. तेल पाणी देत नाही, आत असलेलं पाणी लवकर उडू देत नाही एवढंच त्याचं काम. वाळलेल्या केसावर तेल लावलं तर केस चकाकतो आणि आतून कोरडाच राहतो.

आता करायचं काय. शाम्पूच्या दिवशी आधी केस कोमट पाण्याने पूर्ण भिजव. किटोकोनाझोल बोटांच्या पेरांनी फक्त त्वचेवर लाव, नखं नको. पाच मिनिटं ठेवायचा. त्या पाच मिनिटांत मुलीला गोष्ट सांग, नाहीतर डोळ्यांत जातो. धुताना जो फेस केसांवरून जाईल तेवढाच केसांना पुरे. मग साधा, भरपूर कंडिशनर केसांवर थोपटून लाव. अर्ध्या इंचात गुंता होत नाही, त्यामुळे फणीची गरजच नाही, हे बारीक केसांचं सगळ्यात मोठं सुख. धुऊन झाल्यावर जुन्या सुती टीशर्टने टिपायचं, टॉवेलने घासायचं नाही.

केस ओले आहेत तोवर लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायचं, पाण्यासारखं पातळ, दोन्ही तळव्यांना चोळून केसांवरून हात फिरवायचा. वर सासूबाईंची ओरी. नखावर मावेल एवढी, तळहातांत विरघळवून, केसांच्या टोकांना. त्यांना सांग, ओरी चालू आहे. हे खरंच आहे आणि घरात शांतता राहते.

मधल्या दिवसांत सकाळी स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी मारून केस दमट कर आणि तेच लीव्ह-इन पुन्हा जरासं. रोज धुवायचं नाही. कोर्स संपला, डॉक्टरांनी शाम्पू बंद करायला सांगितला, की आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पू. आपल्याकडे "अशा केसांना महिना महिना पाणी लावू नका" असं सांगणारे भेटतील. ज्याच्या टाळूला त्रास आहे त्याने ते ऐकू नये.

पेकमच्या भिंतीसमोर उभी राहशील तेव्हा डब्याची पुढची बाजू बघूच नको, फिरवून मागची वाच. घटकांत पहिलं नाव पाणी असेल तर तो ओलाव्याचा. पेट्रोलेटम (म्हणजे व्हॅसलिन) किंवा तेल पहिलं असेल तर तो वरून बंद करायचा. टाळूचं ग्रीस म्हणून मेन्थॉल घातलेले निळे-हिरवे डबे मिळतात, ते तूर्त घरात आणू नको. थंड वाटतं म्हणून पोरांना आवडतात, पण दुखऱ्या त्वचेला ते झोंबतात.

ओसे दुडूबद्दल सासूबाईंशी जपून बोल, त्या लोकांचा त्या साबणावर फार जीव असतो. केळीच्या सालींची, कोकोच्या शेंगांची राख घालून करतात, वस्तू अस्सल आहे. पण खरा साबण आणि लंडनचं जड पाणी यांचं जमत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळाला की न विरघळणारी चिकट साय होते, बादलीच्या कडेला बसते तीच. ती केसांवर बसते आणि तुला वाटतं खवले परतले. शिवाय साबण क्षारीय असल्याने केस आणखी खरखरीत होतो. शाम्पूचं तसं होत नाही. अंगाला लावा म्हणावं, डोक्याला नको. चुना फार जाणवला तर महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू वापर, तो कॅल्शियम धरून काढतो.

घरी करण्यासारखी एकच गोष्ट मी मनापासून सांगेन, जवसाचं जेल. दोन टेबलस्पून जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचं. चमच्याला तार धरली की लगेच उतरवून गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झाल्यावर गाळायला गेलीस तर कापडासकट फेकावं लागतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास आला की टाकून द्यायचं. लीव्ह-इनवर केसांना लाव. बारीक केसांचे छान छोटे वळसे बसतात आणि आरशातल्या बाईसाहेब खूश होतात.

आता वाढीचं. अशा केसांची वाढ खरंच थोडी हळू असते. मोजमापं झाली आहेत : आफ्रिकी वंशाच्या लोकांत महिन्याला सरासरी पाऊण सेंटीमीटर, गोऱ्यांत जवळपास सव्वा. तुझी लेक मधे कुठेतरी बसेल. शिवाय वाढलेला केस वर्तुळात जातो, त्यामुळे वर्षाने हातभर फरक दिसणार नाही. तिला कानामागची एक बट ओली करून हळूच सरळ करून दाखव आणि दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करतो तशी कागदावर खूण करून ठेव. दर महिन्याला एकदाच, रोज नाही, नाहीतर तीच बट तुटेल. आणि माई, राग मानू नका, जावळ काढल्याने किंवा बारीक कापल्याने केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं. केस किती यायचे ते मुळं ठरवतात.

दोन-अडीच इंच झाले की कोणीतरी म्हणेल, आता नकली केस लावून बारीक वेण्या घालू, झटपट लांब दिसतील. ते नको. तुझ्या लेकीची टाळू आत्ता आजारातून उठतेय. ओढून घातलेल्या वेण्यांनी कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात, मी इथे विशीतल्या मुलींच्या कपाळांवर बघते. सैल दोन-पदरी पीळ घाल, रबर नको.

आणि रडणाऱ्या आईंना एक सांग. इथे केनियात कितीतरी सरकारी शाळांमध्ये मुलींनी केस अगदी बारीक ठेवायचे असा नियमच असतो. सकाळी रस्त्याने गणवेशातल्या शेकडो मुली अशाच डोक्यांनी जातात, एकमेकींच्या खोड्या काढत. कोणाच्या मनात सुतक येत नाही. मला तो नियम मुळीच आवडत नाही, सक्ती ती सक्तीच. पण माझ्या आजीला फोटो पाठवले तेव्हा ती थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "माना काय सुंदर आहेत गं पोरींच्या." आपल्याकडे बाईचं बोडकं डोकं म्हटलं की जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर काय येतं ते आपल्याला माहीत आहे. तुझ्या आईच्या रडण्यात ते असणार. तिच्याशी वाद घालू नको, फोटो दाखव.

माई_मिरज

राग कसला मानायचा, एवढं कोणी समजावून सांगत नाही. पण म्हणजे खोबरेल वाईटच म्हणायचं का? आमची हयात गेली त्यात.

कोथरूडची_वांजिरू

मुळीच नाही माई. उलट केसांसाठी त्याच्यासारखं तेल नाही. मुंबईच्या मॅरिकोच्या प्रयोगशाळेत खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती, २००३ साली छापून आली. केस धुताना प्रथिनं झिजतात ती फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं. मॅरिको खोबरेलच विकते हे लक्षात ठेवून वाचायचं, पण निष्कर्ष टिकला आहे. फक्त ते केसाला लावायचं, धुण्याच्या आधी, टोकांकडून. टाळूवर कोंडा असेल तर नको, त्यातल्या मेदाम्लांवर ती यीस्ट पोसते. तुमच्या नातीला काही त्रास नाही, तिला खुशाल लावा.

खाजगी_वॉर्ड

वांजिरूताईंशी सहमत. एक भर : कोर्स संपल्यावर डॉक्टर पुन्हा नमुना घ्यायला सांगतील, तो टाळू नका. दिसायला डोकं स्वच्छ असतं तेव्हाही बुरशी शिल्लक असू शकते.

लुईशमची_सांगलीकर

काल वांजिरूच्या सांगण्यासारखं सगळं केलं. जेल पहिल्यांदा जास्त उकळलं, गाळताच येईना, दुसऱ्यांदा जमलं. सकाळी हात फिरवला तर करकर नाही! सासूबाईंना ओरी वापरतेय हे कळल्यावर त्यांनी काळ्या साबणाचा विषय स्वतःहून सोडला. आईला फोटो पाठवलेत, अजून उत्तर नाही, पण दोन निळ्या खुणा दिसल्या.

पोहण्याचं तेवढं सांगा कोणीतरी. गुरुवारपासून आहे. शाळेने टोपी सक्तीची केलीय.

कोथरूडची_वांजिरू

अर्ध्या इंचाला साधी सिलिकॉनची टोपी बसते. पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली केस चिंब कर आणि थोडा कंडिशनर लाव. आधीच साधं पाणी प्यायलेला केस क्लोरीनचं पाणी कमी ओढतो. बाहेर आल्यावर लगेच धुवायचं आणि लीव्ह-इन. टोपी तिची स्वतःची, मैत्रिणींशी अदलाबदल नाही, हे शिक्षिकेच्याही कानावर घाल. आणि पोहायला पाठवण्याआधी एकदा जीपीला विचारून घे, कोर्स अजून सुरू आहे म्हणून.

पुढे केस वाढले की मोठ्या घेराची टोपी लागेल. सोल कॅप नावाची लंडनचीच कंपनी अशा केसांसाठी करते. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, २०२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने ती नाकारली होती, फार ओरड झाली आणि २०२२ मध्ये मान्य केली. ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून पोहणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, अ‍ॅलिस डिअरिंग, त्याच टोकियोत उतरली. तिचे फोटो शोधून लेकीला दाखव, केस बघू दे तिचे.

लुईशमची_सांगलीकर

दाखवले. आता प्रश्न बदलला आहे. "आई, हिने गुरुवारी कोणत्या रंगाची टोपी घातली होती?" पेकमला पिवळी शोधायला निघालेय.